परसातील रोप आणि गावाची पारख

(ग्रामविकास या विषयावरील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

प्रत्येक गावात एक घर असे असते की, त्या घराकडे बोट दाखवताना गावकरी किंचित हसतात. त्या घरातला माणूस इतरांसारखाच शेतकरी असतो. त्याची जमीन इतरांएवढीच, पाऊसही इतरांवर पडतो तोच त्याच्या शेतावर पडतो. पण सगळे गाव मका पेरते तेव्हा हा कुठूनतरी आणलेले वेगळेच बी मातीत टोचून बसलेला असतो. मोडके सायकलचे चाक, जुना पंप, गंजलेली सळई यांतून त्याचे काहीतरी चाललेले असते. त्याला कोणी ‘उपद्व्यापी’ म्हणते, कोणी ‘चक्रम’ म्हणते, आणि त्याच्यावर जीव असणारे ‘जरा वेगळा आहे’ एवढेच म्हणून गप्प बसतात. गाव त्याला वाळीत टाकत नाही. पण त्याला गंभीरपणे घेतही नाही.

आजच्या भाषणाचा विषय असा हा शेजारी आहे. त्याची कथा अमूर्तपणे सांगण्यात अर्थ नाही. म्हणून हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यातील एका शेतकऱ्याच्या उदाहरणावरून ती पाहू. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्हा, घुमारवी तालुका, गाव पनियाला. शेतकऱ्याचे नाव हरिमन शर्मा. २०२५ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविले, तेव्हा हे नाव देशभर पोहोचले. पण त्या सन्मानापूर्वीची पंचवीस वर्षे आपल्याला अधिक शिकवणारी आहेत. कारण त्या वर्षांत ते केवळ कोणाचेतरी शेजारी होते.

बुडालेले नगर, बदलते गाव

हिमाचल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फाच्छादित शिखरे आणि देवदारांची वने उभी राहतात. बिलासपूर तसे नाही. हा शिवालिकांच्या ठेंगण्या डोंगरांचा, उन्हाळ्यात चांगलाच तापणारा प्रदेश आहे. पनियाला समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर आहे. म्हणजे आपल्या पुण्याइतक्याच उंचीवर. तेथे मका आणि गहू पिकतो, आंबा आणि लिंबूवर्गीय फळे होतात. सफरचंदाच्या बागा फार वर, सिमला, कुलू, किन्नौरच्या बाजूला. बिलासपूरचा शेतकरी सफरचंद बाजारातून विकत आणून खात असे.

स्वातंत्र्योत्तर भारतातील सर्वांत मोठ्या स्थित्यंतरांपैकी एक या भूमीने पाहिले आहे. सतलजवर भाक्रा धरण बांधले गेले आणि गोविंदसागराच्या पाण्याखाली जुने बिलासपूर नगर, त्याचा राजवाडा, त्याची मंदिरे आणि नदीकाठची सकस शेते गेली. १९६३ साली धरण राष्ट्राला अर्पण झाले. त्या पाण्यावर पंजाब, हरियाणा आणि राजस्थानची शेते हिरवी झाली. आपली घरे आणि शेते देणारी काही कुटुंबे हरियाणात हिसार-सिरसाकडे गेली, तर काही डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. आजही जलाशयाची पातळी उतरली की, जुन्या मंदिरांची शिखरे पाण्यातून वर येतात. आपला गाव आपल्या हयातीत पाण्याखाली गेलेला पाहणे म्हणजे काय, हे त्या जिल्ह्यातील वृद्धांना विचारावे.

त्यानंतरही बदल थांबले नाहीत. बरमाणा येथे सिमेंटचा कारखाना आला आणि शेती करणारी अनेक घरे मालमोटारींच्या धंद्याकडे वळली. तरुण सैन्यात, सरकारी नोकरीत, चंदीगड-दिल्लीकडे गेले. २०२२ साली जिल्ह्यात ‘एम्स’ उभे राहिले. कीरतपूरहून मनालीकडे जाणारा चौपदरी रस्ता बोगदे पाडत डोंगरातून गेला. हे सर्व आवश्यकही असेल. पण या काळात पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर मात्र एक उदासी उतरली. माकडांच्या टोळ्या आणि मोकाट जनावरे उभे पीक फस्त करू लागली. पेरले तरी घरात येईल याची खात्री नाही, म्हणून कितीतरी शेते पडीक राहिली. जमिनीचा तुकडा लहान आणि त्यावरचा भरवसा त्याहूनही लहान, अशी अवस्था झाली.

अशा गावात नवे काही करून पाहण्याची उमेद कोठून येणार? आणि नेमकी अशाच गावात तिची गरज सर्वाधिक असते.

थंडीचा हिशेब

हरिमन शर्मा यांनी काय केले, हे समजून घेण्यासाठी सफरचंदाचा स्वभाव जाणून घ्यावा लागेल. हिमाचलमधील सफरचंदाच्या व्यापारी लागवडीचे श्रेय सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स या अमेरिकी गृहस्थाला दिले जाते. फिलाडेल्फियातील संपन्न घरातला हा तरुण १९०४ साली भारतात आला, सिमल्याच्या पुढे कोटगढ परिसरात स्थिरावला, तेथील कन्येशी विवाहबद्ध झाला आणि शेतकरी बनला. १९१६च्या सुमारास त्याने अमेरिकेतून ‘डिलिशस’ जातीची रोपे आणून लावली. स्वातंत्र्यलढ्यात त्याने तुरुंगवास सोसला, आणि १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून तो सत्यानंद स्टोक्स झाला. धान्य पिकवणाऱ्या डोंगरात परदेशी फळझाडे लावणारा हा गोरा शेजारीही त्या काळी कोटगढवासीयांना विक्षिप्तच वाटला असेल. पण पुढे त्याच झाडांनी त्या डोंगराचे दारिद्र्य हटवले.

मात्र या झाडांची एक अट होती. सफरचंदाचे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि ठरावीक काळ कडक थंडी मिळाल्याशिवाय नीट जागे होत नाही. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली तापमान किती तास राहिले, यावर हा हिशेब मांडतात. डिलिशससारख्या जातींना असे हजारांहून अधिक तास लागतात. तेवढी थंडी मिळाली नाही, तर फुले वेडीवाकडी, पुढे-मागे येतात आणि फळ धरत नाही. त्यामुळे पाच हजार फुटांच्या खाली सफरचंदाचा विचार करू नये, हा नियम तेथील शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनीही मान्य केला होता. नियम खोटा नव्हता. हातात ज्या जाती होत्या, त्यांच्यापुरता तो खराच होता.

जगात कमी थंडीत येणाऱ्या जाती नव्हत्या असेही नाही. इस्रायलमध्ये ‘अ‍ॅना’ नावाची जात निपजली होती, बहामा बेटांवर ‘डॉर्सेट गोल्डन’ सापडली होती. पण पनियालाच्या शेतकऱ्याच्या परसात ही माहिती पोहोचलेली नव्हती. तेथे पोहोचल्या त्या केवळ खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या बिया.

परसात उगवलेले रोप

हरिमन शर्मा यांचे मातृछत्र अगदी लहानपणी हरपले. पनियाला येथील एका कुटुंबाने त्यांना दत्तक घेऊन वाढविले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले आणि पुढे आयुष्य शेती-बागायतीत गेले. १९९८ साली त्यांनी घरी खाण्यासाठी घुमारवीहून सफरचंदे आणली. फळे खाऊन झाली, बिया परसात फेकल्या गेल्या. १९९९ साली तेथे एक रोप उगवलेले दिसले.

येथे क्षणभर थांबायला हवे. फेकलेल्या बियांतून रोप उगवणे यात नवल काही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला आंब्याच्या कोयी रुजतात, पपईची रोपे येतात. आपण ती पाहतो आणि चार दिवसांनी झाडलोट करताना उपटून टाकतो. पनियालातही दुसऱ्या कोणत्या घरी तसेच झाले असते. ‘सफरचंद येथे येत नाही’ हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने ते रोप म्हणजे तण. हरिमन शर्मांनाही हे ठाऊक होतेच. फरक एवढाच की, त्यांना ते ठाऊक होते म्हणूनच ते रोप विलक्षण वाटले. त्यांनी ते उपटले नाही, जपले. वर्षभरानंतर त्याला फुलोरा आला. २००१ साली फळे लागली.

बीपासून झालेल्या झाडाविषयी आपल्या कोकणातील शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. हापूसची कोय लावली म्हणून हापूसच येईल असे नसते. जे येते ते त्याच्या दैवाने येते. त्यातूनच नाना रंगांचे, नाना चवींचे रायवळ आंबे झाले. हापूस हवा तर कलमच करावे लागते. सफरचंदाचेही तसेच आहे. परागीभवनातून प्रत्येक बी आपापला वेगळा वारसा घेऊन येते. शेकडो बियांतून बहुतेक झाडे सामान्य निघतात. क्वचित एखादे असामान्य. निसर्ग असे डाव सतत टाकत असतो. प्रश्न इतकाच की, डाव पडला तेव्हा पाहणारा जागा होता की नाही.

स्टोक्स यांनी आणलेल्या ‘डिलिशस’चा जन्मही असाच आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक रोप रांग सोडून उगवले. बागेची शिस्त मोडते म्हणून त्याने ते छाटून टाकले. ते पुन्हा फुटले. पुन्हा छाटले, पुन्हा फुटले. मग त्याने ते वाढू दिले. एका शेतकऱ्याने तिसऱ्यांदा हात आवरला, म्हणून ती जात जगात राहिली आणि पुढे सिमल्याच्या डोंगरापर्यंत पोहोचली. तेव्हा पनियालाच्या परसातली घटना ही दैवयोगाची असली, तरी फळबागेच्या इतिहासात ती परंपरेला धरूनच आहे.

एकाकी वर्षे

हरिमन शर्मा यांचे कर्तृत्व मात्र केवळ रोप जपण्यात नाही. ते त्यापुढच्या कामात आहे. एका झाडाला फळ लागले, याचा अर्थ जात सिद्ध झाली असा होत नाही. कदाचित त्या वर्षीची थंडी निराळी असेल, कदाचित त्या कोपऱ्यातली माती निराळी असेल. त्यांनी मूळ झाड मातृवृक्ष म्हणून राखले, त्याच्या काड्या घेऊन कलमे बांधली आणि २००५ साली लहानशी बाग उभी केली. कलमी झाडांनाही तशीच फळे आली. आता ते केवळ नवल राहिले नव्हते. तो वाण झाला होता. पुढे त्याला नाव मिळाले ‘एचआरएमएन-९९’. त्यात त्यांच्या नावातील चार अक्षरे आहेत आणि रोप दिसले ते वर्ष आहे.

आणि तरीही पुढची कित्येक वर्षे हे सत्य बागेच्या कुंपणाबाहेर फारसे गेले नाही. २००७ ते २०१२ या काळात उष्ण प्रदेशातही सफरचंद होऊ शकते, हे पटवत ते हिंडत होते. संशोधनाच्या आणि प्रसाराच्या व्यवस्थेने त्याची विशेष दखल घेतली नाही. जे झाड त्यांच्या अंगणात फळांनी लगडत होते, ते इतरांच्या लेखी अशक्य होते.

येथे गावाला आणि तज्ज्ञांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण न्यायाने पाहिले, तर त्यांची शंका निराधार नव्हती. ज्याच्याकडे जेमतेम एकरभर जमीन आहे, त्या शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या एका झाडावर विसंबून मक्याचे शेत मोडावे काय? फळझाड लावणे म्हणजे तीन-चार वर्षे उत्पन्नाविना वाट पाहणे. ती वाट फसली, तर नुकसान शेजाऱ्याचे होत नाही. आपल्या लेकरांच्या ताटाचे होते. गावाचा संशय हा पुष्कळदा गरिबीने शिकविलेला शहाणपणा असतो. धरणाने, कारखान्याने, रस्त्याने ज्या गावाला एकामागून एक आश्वासने दिली, ते गाव नव्या आश्वासनावर चटकन विश्वास ठेवत नाही, याचे नवल वाटू नये.

मग चूक कोठे होते? चूक शंका घेण्यात नाही. शंका घेऊन तेथेच थांबण्यात आहे. ‘येत नाही’ असे म्हणणाऱ्याने शेजाऱ्याच्या कुंपणात जाऊन ‘कसे आले ते दाखवा पाहू’ असे म्हणावे, एवढीच अपेक्षा आहे. पाहण्याला पैसे पडत नाहीत. दोन कलमे बांधाच्या कडेला लावण्याने शेत मोडत नाही. शंका आणि प्रयोग यांच्यामध्ये हे जे चार पावलांचे अंतर आहे, ते समाज म्हणून आपण ओलांडत नाही.

पारखणारे हात

हे अंतर अखेर ओलांडले ते एका संस्थेने. २००० साली विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या आश्रयाने स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, अर्थात नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, हे ग्रामीण संशोधकांचा शोध घेणारे प्रतिष्ठान आहे. प्रतिष्ठानाने हरिमन शर्मा यांच्या वाणाची दखल घेतली. आणि महत्त्वाचे म्हणजे, नुसता हार घालून परत न जाता त्याची परीक्षा घेतली. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि शेतकरी यांच्या साहाय्याने वाणाचे वेगळेपण जनुकीय पातळीवर तपासले, फळांचा दर्जा तपासला आणि वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ या कायद्याखाली नोंदणीसाठी साहाय्य केले.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ठिकठिकाणची लागवड. २०१४ ते २०१९ या काळात २९ राज्यांत मिळून हजारो रोपे लावली गेली. ती शेतकऱ्यांच्या शेतांत आणि संस्थांच्या आवारांत लागली. त्यांत राष्ट्रपती भवनाचाही समावेश होता. त्यानंतर २३ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतून फळे आल्याच्या नोंदी झाल्या. त्यांत मणिपूर आहे, राजस्थान आहे, कर्नाटक आहे आणि आपला महाराष्ट्रही आहे. २०१७ साली राष्ट्रपती भवनात प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते हरिमन शर्मा यांना प्रतिष्ठानाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पनियालाच्या ज्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकायला कोणी नव्हते, त्याच्या बागेत आता दूरदूरचे शेतकरी येऊ लागले.

हा वाण जून महिन्याच्या सुमारास पिकतो. डोंगरातल्या थंड पट्ट्याचे सफरचंद बाजारात येण्यापूर्वीचा तो काळ. लाल रेषा असलेली पिवळसर साल, मऊ, गोड, रसाळ गर असे त्याचे वर्णन आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसूनही झाड तग धरते.

दुसरा धोका

पण बंधू-भगिनींनो, येथे एक सावधगिरीचा शब्दही सांगितला पाहिजे. आपल्या समाजाला दोन सवयी आहेत. पहिली, अपरिचिताला हसण्याची. दुसरी, तोच अपरिचित प्रसिद्ध झाला की, त्याला देव्हाऱ्यात बसविण्याची. दोन्हींमध्ये एक समान गोष्ट आहे. दोन्हींत आपण स्वतः तपासून पाहण्याचे कष्ट टाळतो.

‘उष्ण प्रदेशात सफरचंद’ ही वार्ता महाराष्ट्रातही पसरली. दुष्काळी पट्ट्यातल्या काही कष्टाळू शेतकऱ्यांनी धाडसाने लागवड केली आणि फळे घेतली. ते कौतुकास्पद आहे. परंतु आकडे नीट वाचायला हवेत. हिमाचल, हरियाणातील सिरसा आणि मणिपूर येथील तीन ते आठ वर्षे वयाच्या झाडांना वर्षाकाठी दर झाडामागे पाच ते पंचाहत्तर किलो फळे मिळाल्याची नोंद आहे. पाच आणि पंचाहत्तर यांत पंधरा पटींचे अंतर आहे. त्या अंतरात माती आहे, पाणी आहे, झाडाचे वय आहे, छाटणी आहे आणि शेतकऱ्याचे कसबही आहे. जाहिरातीत पंचाहत्तरच छापले जातात. कर्ज काढणाऱ्याने पाचही वाचले पाहिजेत.

दुसरे असे की, सालीवर गडद लाली चढायला थंड रात्री लागतात. उष्ण प्रदेशातले फळ काश्मीरच्या फळासारखे दिसेलच असे नाही. मऊ गराचे, लवकर पिकणारे फळ दूरच्या बाजाराचा प्रवास आणि साठवण किती सोसेल, याचाही विचार हवा. आपल्याकडे फळ पिकण्याच्या सुमारास मोसमी पाऊस दाराशी येतो. आणि कलम खरोखर त्याच वाणाचे आहे, याची खात्री करून घेतल्याशिवाय रोपाला पैसे मोजू नयेत. कारण सफरचंदाची दोन वेगवेगळी रोपे लहानपणी डोळ्यांना सारखीच दिसतात आणि फसवणूक उघडकीस येते ती तीन वर्षांनी.

हे सांगणे म्हणजे हरिमन शर्मा यांच्या कार्याला उणेपणा आणणे नव्हे. उलट त्यांचाच मार्ग सांगणे आहे. त्यांनी एका झाडावरून उडी मारून शंभर झाडे लावली नाहीत. आधी एक झाड पाहिले, मग कलमे बांधली, मग लहान बाग केली. प्रत्येक पायरीवर झाडाला बोलू दिले. त्यांचे अनुकरण करायचेच असेल, तर त्यांच्या सफरचंदाआधी त्यांच्या या धीराचे करावे.

आपल्या मातीतला दाखला

अशी पारख करण्यात समाज उशीर करतो, तेव्हा काय होते, याचा एक वेदनादायी दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या काढल्या, वर्षामागून वर्षे पेरून वाढवल्या आणि बारीक, चवदार तांदळाचा वाण तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. हा तांदूळ विदर्भाच्या सीमा ओलांडून अनेक राज्यांत पोहोचला. व्यापाऱ्यांनी त्यावर पैसा केला. पुढे त्याच धानावरून शुद्ध केलेला वाण अधिकृतपणे प्रसारित झाला, तेव्हा स्वतःच्या श्रेयासाठी दादाजींना झगडावे लागले. २००५ साली नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांना गौरविले. नावलौकिक झाला, पण घरची ओढग्रस्ती संपली नाही. २०१८ साली त्यांचे निधन झाले. ज्याचा तांदूळ लाखो घरांत शिजत होता, त्याच्या स्वतःच्या घराची चूल मात्र सुखाने पेटत नव्हती.

हरिमन आणि दादाजी. एक हिमालयाच्या पायथ्याचा, दुसरा झाडीपट्टीतला. एकाने फळ दिले, दुसऱ्याने धान. दोघांनीही शेतात उगवलेले वेगळेपण ओळखले आणि उपटून टाकले नाही. कायद्याने शेतकऱ्याला आता वाणाचा निर्माता म्हणून हक्क दिला आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचायचे, तर आधी कोणीतरी त्याच्या बांधापर्यंत जावे लागते. तो पहिला माणूस दिल्लीहून येण्याची वाट का पाहायची? तो शेजारी का असू नये?

गावाने काय करावे

यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. गावात जो कोणी असा ‘उपद्व्यापी’ असेल, त्याच्या शेतावर वर्षातून एकदा तरी गावाने एकत्र जावे. तरुण मंडळाने त्याच्या प्रयोगाची वही ठेवावी: काय पेरले, कधी पेरले, किती पाणी दिले, किती आले. त्याला स्वतःला लिहिण्याची सवय बहुधा नसते. उद्या त्याचा हक्क कोणी हिरावू लागला, तर हीच वही त्याची साक्ष होईल. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना त्याच्या अंगणात न्यावे. चार शेतकऱ्यांनी बांधाच्या कडेला त्याची दोन-दोन झाडे लावून पाहावीत. फसले, तर नुकसान थोडे. साधले, तर लाभ साऱ्या गावाचा. आणि त्याचे म्हणणे खोटे ठरले, तर तेही त्याला प्रेमाने, पण स्पष्ट शब्दांत सांगावे. खऱ्या प्रयोगशील माणसाला खोट्या कौतुकापेक्षा खरा नकार अधिक उपयोगी पडतो.

आपल्या ग्रामजीवनाची थोरवी आपण नेहमी सांगतो. एकमेकांच्या सुखदुःखात धावून जाणे, लग्नकार्यात हात लावणे, संकटात दाराशी उभे राहणे ही ती थोरवी. ती खरीच आहे. पण शेजाऱ्याच्या चितेला खांदा देणारे गाव त्याच्या कल्पनेला मात्र खांदा देत नसेल, तर त्या थोरवीत काहीतरी उणे आहे. हवामान बदलते आहे. हिमाचलातले सफरचंद उष्णतेमुळे वर-वर सरकत लाहौल-स्पितीकडे निघाले आहे. आपल्याकडेही पावसाचे वेळापत्रक विस्कटले आहे. पुढील काळात जुने नियम वारंवार अपुरे पडणार आहेत. अशा वेळी कोणत्या गावाजवळ किती पैसा आहे, यापेक्षा कोणत्या गावात किती प्रयोग करणारे हात आहेत आणि त्या हातांना ओळखणारे किती डोळे आहेत, यावर त्या गावाचे भवितव्य ठरेल.

येत्या पावसाळ्यात आपल्याही परसात काहीबाही उगवेल. त्यातले बहुतेक तणच असेल. पण उपटण्यापूर्वी एकदा वाकून पाहावे. आणि कुंपणापलीकडे आपला तो जगावेगळा शेजारी कशावरतरी वाकून बसलेला दिसला, तर हसून पुढे जाऊ नये. क्षणभर थांबून विचारावे, “काय चाललंय, काका? दाखवा तरी.”

कदाचित कित्येक वर्षे तो याच प्रश्नाची वाट पाहत असेल.